मोटरहोमचा डॅशबोर्ड एसी गार करत नाहीये: गॅस भरायच्या आधी हे तपासा

प्रश्न थोडक्यात असा आहे: मोटरहोम चालवताना डॅशबोर्डच्या एसीतून कोमट हवा येते, छपरावरचा एसी मात्र मस्त चालतो, मागच्या सीझनला दोनदा डब्यातला गॅस भरला, दोन्ही वेळा थोडे दिवस बरं वाटलं आणि परत तेच, आणि आता वर्कशॉपवाले म्हणतायत कॉम्प्रेसर बदला. तर कॉम्प्रेसरला लगेच हो म्हणू नका आणि तिसरा डबा तर अजिबात भरू नका. आधी एकच गोष्ट ठरवायची, थंडावा तयारच होत नाहीये, का तयार होतोय पण तुमच्यापर्यंत पोचत नाहीये. हे दोन पूर्ण वेगळे आजार आहेत, बाहेरून मात्र दोन्हीचं लक्षण एकच, कोमट हवा. आणि मोटरहोममध्ये दुसरा आजार कारपेक्षा खूप जास्त दिसतो, तरी सगळे धावतात गॅसकडेच.

छपरावरचा एसी आधी बाजूला ठेवा, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. तो वेगळा सीलबंद एसी आहे, बाहेरच्या लाईटवर नाहीतर जनरेटरवर चालतो, त्याचा गॅस वेगळा, कॉम्प्रेसर वेगळा. डॅशबोर्डचा एसी इंजिनच्या बेल्टवर चालतो, कारसारखाच. आणि तो ड्रायव्हर आणि शेजारच्या सीटपुरताच बनवलेला असतो. मोठ्या मोटरहोमची पुढची काच बघा केवढी असते, मागे अख्खं घर उघडं, त्यामुळे ४० डिग्री उन्हात त्याने सगळी गाडी गार करावी ही अपेक्षाच चूक आहे. सीटच्या मागे जाड पडदा ओढून बघा, बऱ्याच जणांची निम्मी तक्रार तिथेच संपते. तुमची तशी नाहीये, तुमच्याकडे झरोक्यातूनच कोमट येतेय, म्हणून पुढे.

एक गोष्ट समजून घेतली की शोधणं सोपं जातं. मोठ्या मोटरहोमची चासी एक कंपनी बनवते आणि वरचं घर दुसरी. फोर्डची एफ-५३ किंवा फ्रेटलायनरची चासी घ्या, इंजिन आणि ड्रायव्हिंगचा भाग चासीवाल्याचा, पण डॅशबोर्ड, त्यातला ब्लोअर, कूलिंग कॉईलचा (जिच्यावरून जाताना हवा गार होते ती जाळी) डबा, हवेचे पाईप हे बऱ्याचदा घर बांधणाऱ्याने तिसऱ्याकडून घेऊन बसवलेले असतात. म्हणून चासीच्या पुस्तकात बघून कोणी गॅसचं वजन सांगितलं तर ते तुमच्या गाडीला लागू पडेलच असं नाही. व्हॅनवर बांधलेली असेल, फियाट डुकाटोवर वगैरे, तर बहुतेक वेळा मूळ कारखान्याचाच एसी असतो आणि काम बरंच सोपं होतं.

आता तपासणी. गाडी सपाट जागी, हँडब्रेक, चाकाला लाकडी ठोकळे, हे आधी, कारण इंजिन चालू ठेवून कोणीतरी पुढे वाकणार आहे. बाह्या सैल नकोत, बेल्ट आणि पंखा जवळच असतो. एसी फुल, ब्लोअर मध्यम, हवा आतलीच फिरवायच्या सेटिंगवर, इंजिन साधारण १५०० आरपीएमवर धरा, दहा मिनिटं. मधल्या झरोक्यात काडीचा थर्मामीटर घाला आणि एक बाहेर सावलीत ठेवा. चांगला एसी बाहेरच्यापेक्षा १५ ते २० डिग्री खाली हवा देतो, दमट दिवस असेल तर थोडं कमी, कारण निम्मी ताकद हवेतलं पाणी काढण्यात जाते.

मग बॉनेट उघडून पाईप हाताने बघा, पण गरम पाईपला आधी लांबून. कूलिंग कॉईलकडून कॉम्प्रेसरकडे परत येणारा जाड पाईप, सक्शन, तो गारेगार आणि घाम आलेला हवा. कॉम्प्रेसरमधून कंडेन्सरकडे (गॅसची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) जाणारा चांगलाच चटका देणारा असतो, त्याला हात लावू नका, आणि कंडेन्सरमधून बाहेर पडणारा बारीक पाईप गरम, पण तेवढा नाही. सक्शन पाईप घाम येऊन गार आहे आणि झरोक्यातून मात्र कोमट येतंय? मग गॅस, कॉम्प्रेसर सगळं आपलं काम करतंय, थंडावा पुढे वाया जातोय. सक्शन कोमटच आहे? मग थंडावा तयारच होत नाहीये. या एका स्पर्शाने अर्धा प्रश्न सुटतो आणि त्याला ना गेज (प्रेशर मोजणारं मीटर) लागतं ना डबा.

थंडावा तयार होऊन वाया जाण्याच्या जागांबद्दल मी जरा जास्त लिहितो कारण इथेच लोक सगळ्यात जास्त फसतात. पहिला संशयित हीटर. डॅशबोर्डच्या त्याच डब्यात हीटरचा छोटा रेडिएटर असतो, त्यात इंजिनचं गरम पाणी येतं, ते थांबवायला एक कॉक असतो. तो कॉक उघडा अडकला की एसी गार करतो आणि हीटर लगेच त्याच हवेला गरम करतो, दोघांची बेरीज कोमट. तपासायचं कसं, तर हीटरकडे जाणारा रबरी पाईप इंजिन गार असतानाच दाबायच्या क्लॅम्पने बंद करायचा, मग गाडी चालू करून परत थर्मामीटर बघायचा. तापमान धाडकन खाली आलं तर कॉक किंवा हवा मिसळणारा फ्लॅप दोषी. काही गाड्यांत हेच गरम पाणी मागे घराच्या हीटरला आणि गीझरलाही जातं, पाईप भरपूर असतात, त्यामुळे डॅशबोर्डकडे जाणारा नेमका कुठला ते आधी नीट शोधा, जुना रबरी पाईप तडकलेला असेल तर दाबूही नका.

दुसरा, हवेचे पाईप. डब्यापासून झरोक्यापर्यंत लवचिक पाईप असतात, बऱ्याच वेळा फक्त टेपने नाहीतर पट्ट्याने अडकवलेले, आणि गाडी हजारो किलोमीटर हादरे खाते. ते निसटतात. मग गार हवा डॅशबोर्डच्या पोटातच ओतली जाते आणि झरोक्यातून येते ती तिथली शिळी गरम हवा. स्पीकर किंवा ग्लोव्हबॉक्स काढून हात घालून बघा, आत गार वारा लागला तर तुम्हाला उत्तर मिळालं. खर्च म्हणाल तर एक क्लॅम्प.

तिसरा, बाहेरची हवा घ्यायचा फ्लॅप उघडाच अडकलेला. इंजिन पुढे असलेल्या गाडीत हा फार त्रास देतो कारण ती हवा इंजिनच्या उष्णतेजवळून येते. त्याच गाड्यांत दोन सीटच्या मध्ये इंजिनवरचं झाकण असतं, त्याचं रबर सुकलं की खालून भट्टीसारखी धग केबिनमध्ये येते, एसी कितीही चांगला असू दे. झाकणाभोवती हात फिरवा, कळतं.

आणि चौथा व्हॅक्यूम, हा मोटरहोममध्ये खूप भेटतो. बऱ्याच गाड्यांत फ्लॅप तारेने किंवा मोटरने नाही, व्हॅक्यूमच्या बारीक नळ्यांनी हलतात. व्हॅक्यूम गेला की फ्लॅप स्प्रिंगने काचेकडे जातो, म्हणजे हवा समोरच्या झरोक्याऐवजी विंडशील्डवर. हे मुद्दाम तसं ठेवलेलं असतं, बिघाड झाला तरी काचेवर धुकं साचायला नको म्हणून. तर चढ चढताना ॲक्सिलरेटर दाबला की समोरची हवा गायब होऊन काचेवर जायला लागली आणि सपाटीवर परत आली, असं होत असेल तर व्हॅक्यूमचा चेक व्हॉल्व्ह किंवा साठवणीचा डबा लीक आहे, पेट्रोल इंजिनचं व्हॅक्यूम चढावर पडतं आणि साठा टिकत नाही. डिझेलला इंजिनचं तसं व्हॅक्यूम नसतं, तिथे छोटा इलेक्ट्रिक पंप बसवलेला असतो, तो न थांबता घरघरत राहिला तर नळी कुठेतरी फुटलीय असं समजा. उंदीर या नळ्या कुरतडतात, गाडी महिनोन्‌महिने उभी असते ना. ब्लोअरमध्ये त्यांची घरटीही मिळतात, वारा कमी येत असेल तर आधी तिथे आणि फिल्टरमध्ये बघा. ब्लोअर फक्त फुल स्पीडवर चालतो, बाकी स्पीड मेलेत, असं असेल तर रेझिस्टर जळलाय, तो छोटासा वेगळा पार्ट आहे.

आता दुसरी शक्यता, सक्शन कोमटच आहे. आधी बघा कॉम्प्रेसर फिरतोय का. बेल्ट फिरतो तेव्हा पुली फिरणारच, पण पुढची क्लचची चकती फिरते का ते बघायचं, एसीचं बटण दाबलं की टक् आवाज येऊन ती पकडते. पकडत नसेल तर फ्यूज, रिले (शेजारचा तसाच रिले काढून लावून बघा), मग क्लचच्या कनेक्टरवर मल्टिमीटर. तिथे इंजिन चालू असताना बॅटरीएवढे व्होल्ट यायला हवेत, ११ च्या खाली असतील तर क्लच नीट पकडणार नाही, कॉम्प्रेसर चांगला असला तरी. मोटरहोममध्ये वायरी लांबलचक, कनेक्टर पुढे चिखलपाण्यात, अर्थिंग गंजलेलं, त्यामुळे व्होल्ट वाटेत पडतात. व्होल्ट पूर्ण येतायत आणि तरी टक् नाही, तर क्लचचा कनेक्टर सुटा करून क्लचच्या कॉईलचा रेझिस्टन्स बघा, साधारण ३ ते ४ ओहम असतो.

यात एक लबाड दोष आहे. सकाळी एसी मस्त, दुपारी तासभर चालवल्यावर क्लच सुटतो, गाडी गार झाली की परत चालू. लोक गॅस भरतात. प्रत्यक्षात क्लचच्या चकतीत आणि पुलीत फट वाढलेली असते, झीज होऊन. कॉईल तापली की तिचा रेझिस्टन्स वाढतो, चुंबक कमजोर पडतं आणि वाढलेली फट ओढून घेऊ शकत नाही. पुष्कळ कॉम्प्रेसरांना ही फट ०.४ ते ०.८ मिलिमीटर लागते, फीलर गेजने मोजता येते, आणि बऱ्याचदा मधली पातळ चकती काढली की काम होतं. यावर अख्खा कॉम्प्रेसर बदललेला मी बघितलाय आणि वाईट वाटतं.

प्रेशर स्विचबद्दल एक विनंती. गॅस कमी झाला की लो प्रेशर स्विच क्लचला बंद ठेवतो, आणि इंटरनेटवर बघून लोक तो स्विच वायरीने जोडून टाकतात. दोन सेकंद, क्लच ओढतो का एवढंच बघायला, ठीक. पण तसाच जोडून गाडी चालवायची नाही, कारण कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबरच फिरतं, गॅस नाही म्हणजे तेल परत येत नाही, आणि मग चांगला कॉम्प्रेसर खरंच जाम होतो आणि त्याचा धातूचा चुरा सगळ्या पाईपात पसरतो.

क्लच पकडतोय तरी गार नाही, तर आता गेज. आणि दोन्ही बाजूंचं, लो (कॉम्प्रेसरकडे परत येणारी बाजू) आणि हाय (कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणारी). डब्याबरोबर जे एकच छोटं गेज येतं ते फक्त लो बाजू दाखवतं, त्यावरून गॅस कमी का जास्त हे ठरवणं म्हणजे अंदाजपंचे. ढिला पडलेला कॉम्प्रेसर, घाण कंडेन्सर, जास्त भरलेला गॅस, या सगळ्यांत लो बाजू वर गेलेली दिसते, आणि एक्सपान्शन व्हॉल्व्ह (कूलिंग कॉईलमध्ये गॅस मोजून सोडणारा व्हॉल्व्ह) बंद अडकलेला असेल तर ती खाली दिसते आणि माणूस भरत सुटतो.

गाडी पूर्ण गार असताना, बंद असताना, आधी गेज लावा. आर १३४ए गॅस असेल तर आत थोडा जरी द्रव शिल्लक असेल तरी प्रेशर तापमानाप्रमाणे ठरलेलं असतं, २० डिग्रीला साधारण ६८ पीएसआय (दाबाचं माप), २५ ला ८१, ३० ला ९७, ३५ ला ११४. त्यापेक्षा बरंच कमी दाखवलं तर सिस्टम जवळजवळ रिकामी. पण बरोबर दाखवलं म्हणून गॅस पुरेसा आहे असं होत नाही, निम्मा असला तरी हाच आकडा येतो, हे खूप मिस्त्री विसरतात. आणि आकडा तापमानाच्या मानाने जास्त आला तर आत हवा घुसलीय, डब्याच्या पाईपातली हवा न काढता भरलं की हेच होतं, आणि तुमच्याकडे दोनदा भरलंय म्हणून हा आकडा नक्की बघा.

मग चालू करून. ३० डिग्रीच्या दिवशी १५०० आरपीएमला लो साधारण २५ ते ४०, हाय २०० ते २५० च्या आसपास. हे आकडे असे का ते लक्षात ठेवा म्हणजे पाठ करायला लागत नाहीत: २८ पीएसआयला हा गॅस ० डिग्रीला उकळतो, म्हणजे कॉईल गोठायच्या काठावर. १५ पीएसआयवर आला की उणे १०, म्हणजे कॉईलवर बर्फ. म्हणून गॅस कमी असला तरी बर्फ होतो, हे ऐकायला उलटं वाटतं पण असंच आहे.

दोन्ही बाजू कमी आणि क्लच दर काही सेकंदांनी चालू-बंद, तर गॅस कमी. दोन्ही जास्त, तर गॅस जास्त, नाहीतर आत हवा, नाहीतर कंडेन्सरला वारा मिळत नाहीये. लो जास्त आणि हाय कमी, तेव्हाच कॉम्प्रेसर ढिला पडल्याचा खरा संशय, तोही एक्सपान्शन व्हॉल्व्ह उघडा अडकलेला नाही हे बघितल्यावर. लो जवळजवळ शून्याच्या खाली जातोय, तर कुठेतरी चोंदलंय. सुरुवातीला दहा मिनिटं गार, मग लो खाली पडून हवा गरम, बंद करून थोड्या वेळाने परत ठीक, तर सिस्टममध्ये पाणी आहे आणि ते व्हॉल्व्हच्या तोंडाशी गोठतंय, ड्रायर (ओल शोषणारा डबा) बदलून व्हॅक्यूम मारायलाच (पंपाने आतली हवा आणि ओल ओढून काढायलाच) लागेल. याच्याशी मिळतंजुळतं पण वेगळं म्हणजे हायवेवर तासाभराने वाराच कमी होणं, तिथे कॉईल बर्फाने भरलेली असते, तापमान बघणारा सेन्सर कॉईलच्या पात्यांतून बाहेर निसटलाय का ते बघा.

उभ्या गाडीत गरम आणि पळत्या गाडीत गार, असं असेल तर कंडेन्सर. बाटलीने किंवा होजने कंडेन्सरवर हलकं पाणी मारा, हाय प्रेशर भराभर खाली आलं आणि झरोका गार झाला तर वारा कमी पडतोय, म्हणजे पंखा, फॅन क्लच, किंवा जाळी चोंदलेली. इंजिन मागे असलेल्या डिझेल गाडीत कंडेन्सर मागेच रेडिएटरजवळ असेल तर खास बघा, इंजिनच्या ब्रीदर पाईपातून तेलाचा धूर निघतो, त्यावर धूळ बसते आणि जाळीवर चिकट नमदा तयार होतो, तोही कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत, बाहेरून दिसतही नाही. तेल काढणारं द्रावण आणि कमी जोराचं पाणी. प्रेशर वॉशर नको, पाती आडवी पडतात आणि मग कायमचाच वारा बंद.

आता तुमच्याकडे बहुतेक काय आहे. दोनदा भरला आणि दोन्ही वेळा फरक पडला, म्हणजे लीक आहेच, गॅस काही वापरून संपत नाही. शोधायची ठिकाणं: कॉम्प्रेसरचं पुढचं सील, सर्व्हिस व्हॉल्व्हची पिन (टोपी नसेल तर आधी तीच), पाईप जिथे दाबून फिटिंगला बसवलेत ते सांधे, आणि पाईप चासीच्या लोखंडाला घासतो ती प्रत्येक जागा. इंजिन मागे आणि कूलिंग कॉईल पुढे अशी १२ मीटरची गाडी असेल तर पाईप जाऊन येऊन केवढे लांब झाले बघा, तेलकट काळा डाग दिसला की तिथे थांबा, गॅसबरोबर तेलही बाहेर येतं. अतिनील टॉर्चने दिसणारा डाय किंवा गॅस हुंगणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र, आणि सिस्टम रिकामी असेल तर कोरडा नायट्रोजन भरून साबणाचं पाणी. टायरच्या कॉम्प्रेसरची हवा भरून लीक शोधू नका, तिच्यात ओल असते, आणि आर १३४ए हवेबरोबर दाबाखाली पेट घेऊ शकतो. लीक बंद करणारे रसायनाचे डबेही टाळा, ते ओल लागली की घट्ट होतात, व्हॉल्व्ह चोंदतात आणि बरेच वर्कशॉप मग तुमच्या गाडीला आपलं मशीन लावायलाच नाही म्हणतात.

लीक सापडल्यावर, दुरुस्तीच्या आधी, उरलेला गॅस मशीनने परत काढून घ्यायचा, हवेत सोडायचा नाही, अनेक देशांत ते बेकायदा आहे आणि आर १३४ए कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त उष्णता धरतो. ड्रायर नवा, ओ-रिंग नव्या, तेल कॉम्प्रेसरला लागतं त्याच ग्रेडचं. मग निदान पाऊण तास व्हॅक्यूम, पंप बंद करून काटा टिकतो का बघायचं, आणि गॅस वजनावर भरायचा, अंदाजाने नाही. वजनाचं लेबल नसेल तर घर बांधणाऱ्या कंपनीला गाडीचा नंबर देऊन विचारा. लेबलच मिळत नसेल तर मिस्त्रीने दोन्ही गेज, झरोक्याचं तापमान आणि सक्शन पाईप बघत थोडा थोडा भरावा, आणि जेवढा गेला ते वजन लिहून बॉनेटखाली चिकटवावं, पुढच्याला उपयोग होतो. नव्या गाडीत आर १२३४वायएफ असेल तर त्याची फिटिंगच वेगळी असतात, त्यात १३४ए मिसळायचा नाही. १९९४ च्या आधीची गाडी असेल तर मूळ गॅस आर १२ असू शकतो, त्याचं तेलही वेगळं, मिनरल, तेव्हा आत्ता आत काय आहे ते आधी ओळखून घ्या.

कॉम्प्रेसर बदला म्हणणाऱ्या वर्कशॉपला एवढंच विचारा, दोन्ही गेजचे आकडे किती, बाहेरचं तापमान किती होतं आणि हीटरचा पाईप बंद करून बघितलात का. आकडे लो जास्त, हाय कमी असे असतील आणि रेस दिली तरी दोन्हींतला फरक वाढत नसेल, तर कॉम्प्रेसर गेला असं मीही म्हणेन. तसं निघालं तर नुसता कॉम्प्रेसर नाही, पाईप धुणं, ड्रायर आणि एक्सपान्शन व्हॉल्व्ह (किंवा ऑरिफिस ट्यूब) हे त्याच कामात करून घ्या, नाहीतर जुना चुरा नव्यालाही खाईल. आणि नंतर गाडी उभी असेल तेव्हा दर दोन-तीन आठवड्यांनी दहा मिनिटं एसी लावून इंजिन चालवत जा, तेलाने पुढचं सील ओलं राहतं, सुकलं की गॅस तिथूनच जायला लागतो.